पुढचं चाक कधी धरतं, कधी सोडतं : रेसिंग टायरच्या कंपाउंडचं गणित

उज्जैन : उज्जैनला मोटारसायकल शर्यतीचा ट्रॅक नाही. सिंहस्थ २०२८ च्या तयारीत सहापदरी होत असलेला इंदूर रस्ता कितीही गुळगुळीत झाला, तरी तो ट्रॅक नव्हे. उज्जैन, देवास, इंदूर किंवा धारच्या पोराला डांबरी ट्रॅकवर शर्यत खेळायची असेल, तर चेन्नईजवळचा मद्रास इंटरनॅशनल सर्किट, कोइमतूरचा कारी मोटर स्पीडवे किंवा ग्रेटर नोएडाचा बुद्ध सर्किट गाठावा लागतो. महाराष्ट्रातल्या पोरांचीही तीच गत. पुणे, नाशिक, कोल्हापूरकडे रेसिंगची हौस जुनी आहे, पण ती बरीचशी मातीतली. मातीत पुढचं चाक घसरतं आणि सावरतं. डांबरावर ते बहुतेक वेळा एकदाच घसरतं.

म्हणून मातीतून डांबरावर येणाऱ्या रायडरला पहिला धक्का बसतो तो पुढच्या टायरचा. मागचा टायर सुटला तर गाडी शेपूट हलवते, इशारा देते, थ्रॉटल जरा सैल केला की बऱ्याचदा परत लागते. पुढचा सुटला की हँडल आत दुमडतं आणि अर्ध्या सेकंदात माणूस जमिनीवर असतो. रायडरांच्या भाषेत ‘फ्रंट गेला’. हा फ्रंट का जातो आणि त्यात टायरच्या कंपाउंडचा हात किती, ते इथे पाहू.

कंपाउंड म्हणजे काय

कंपाउंड म्हणजे टायरच्या वरच्या थराच्या रबराची कृती. नैसर्गिक आणि कृत्रिम रबर, कार्बन ब्लॅक, सिलिका, तेल, गंधक यांचं प्रमाण बदललं की रबराचा स्वभाव बदलतो. रबर डांबराला दोन प्रकारे धरतं. एक तर ते पृष्ठभागाला चिकटतं. दुसरं, डांबरातल्या खडीच्या बारीक टोकांवर ते दबतं आणि परत मूळ आकारात यायला किंचित वेळ लावतं. या उशिरातूनच पकड तयार होते आणि उष्णताही. दोन्ही गोष्टी तापमानावर अवलंबून आहेत. थंड रबर कडक राहतं, खडीत शिरत नाही. फार तापलेलं रबर वरवर तेलकट होतं आणि घसरतं. मधला जो पट्टा आहे, रेसिंग स्लिकसाठी साधारण ८० ते १०० अंश सेल्सिअस, तिथेच टायर नीट काम करतो.

सॉफ्ट, मीडियम, हार्ड ही नावं त्यामुळे थोडी फसवी आहेत. ऐकणाऱ्याला वाटतं, सॉफ्ट म्हणजे जास्त पकड आणि हार्ड म्हणजे जास्त टिकाऊ, बस. खरं तर ही नावं त्या त्या रबराचा तापमानाचा पट्टा आणि भार सोसायची ताकद सांगतात. ट्रॅक थंड असेल तर सॉफ्ट लवकर तापतो. ट्रॅक भाजत असेल, ब्रेकिंग जोरदार असेल, तर तोच सॉफ्ट पिठाच्या गोळ्यासारखा वागतो आणि हार्ड त्याच्यापेक्षा जास्त धरतो. मोटोजीपीत मिशेलिनच्या सुक्या टायरवर पांढरा पट्टा म्हणजे सॉफ्ट, पिवळा म्हणजे हार्ड, पट्टाच नसेल तर मीडियम. पिरेली आपल्या रेसिंग टायरला एससी-१, एससी-२ असे आकडे देते. आकडा वाढला की रबर कडक.

पुढच्या टायरवर भार किती येतो

गाडी आणि रायडर मिळून २४० किलो धरू. उभ्या गाडीत पुढच्या चाकावर अर्धं, म्हणजे १२० किलो. सरळ रस्त्याच्या शेवटी रायडर जोरात ब्रेक दाबतो. गाडीचा गुरुत्वमध्य जमिनीपासून ६० सेंटिमीटरवर, दोन चाकांतलं अंतर १३५ सेंटिमीटर आणि वेग कमी होण्याचा दर गुरुत्वाकर्षणाच्या ०.९ पट धरला, तर आणखी ९६ किलो पुढे सरकतात. पुढच्या तळहाताएवढ्या रबरावर २१६ किलो येतात आणि मागचं चाक जवळपास हवेत. या अवस्थेत पुढचा टायर चेपतो, जमिनीला टेकलेला भाग मोठा होतो, पकड वाढते. म्हणजे जोरात ब्रेक लावणं हा काही पुढच्या टायरचा शत्रू नाही, उलट ब्रेकच त्याला दाबून धरतो.

गडबड पुढे होते. वळणात शिरताना रायडर ब्रेक हळूहळू सोडत गाडी झुकवतो. टायरकडे पकड मर्यादित. ती ब्रेक आणि वळणं या दोन कामांत वाटून द्यायची. सोप्या भाषेत सांगायचं तर रुपयातले बारा आणे ब्रेकला दिले तर वळायला चार आणे उरतात. हिशेब इतका कंजूष नाही खरं. पकडीचं वर्तुळ असतं, सरळ वजाबाकी नसते. ८० टक्के ब्रेकला दिले तरी ६० टक्के वळायला मिळतात. पण ८० चे ९५ केले की वळायला जेमतेम ३० टक्के राहतात, आणि नवखा रायडर घाबरून नेमका तेव्हाच हँडल जास्त झुकवतो.

पडण्याची दुसरी जागा याहून कपटी. ब्रेक एकदम सोडला की फोर्क उसळून वर येतो, पुढच्या टायरवरचा भार निघून जातो, टेकलेला भाग लहान होतो. गाडी पूर्ण झुकलेली, ब्रेक नाही, थ्रॉटल अजून दिलेला नाही. या मधल्या क्षणात फ्रंट जातो आणि रायडर उठून म्हणतो, “मी तर काहीच केलं नव्हतं.” त्याने केलं होतं. ब्रेकचा लीव्हर एका झटक्यात सोडला होता.

चुकीचं कंपाउंड कसं बोलतं

गरम दिवशी सॉफ्ट फ्रंट घातला तर ब्रेकिंगमध्ये टायर चेपून डुलतो, गाडी वळायला उशीर लावते, रायडर ठरवलेल्या जागेच्या पुढे वाहत जातो. लॅप टाइम पडतो, टायरच्या कडेला रबराच्या सुरकुत्या येतात. त्रासदायक आहे, पण टायर आधी सांगतो.

थंड सकाळी हार्ड फ्रंट घातला तर उलटं होतं. सरळ ब्रेकिंगमध्ये गाडी छान, टणक, भरवशाची वाटते. झुकवल्यावर मात्र हँडलमधून काहीच कळत नाही. हात बधिर झाल्यासारखं. आणि मग फ्रंट जातो, इशारा न देता.

या दोन चुकांत दुसरी महाग. आपल्याकडच्या नव्या पोरांमध्ये नेमका हार्डचा मोह दिसतो, कारण तो जास्त दिवस टिकतो आणि मोठे रायडर तोच वापरताना दिसतात. मोठे रायडर तो तापवू शकतात, कारण ते तितक्या जोरात ब्रेक लावतात. ज्याचा लॅप टाइम दहा सेकंदांनी मागे आहे, त्याच्या हातून हार्ड टायर तापतच नाही. त्याने पुढे सॉफ्ट किंवा मीडियम घालावा आणि जास्त झिजला तर झिजू द्यावा. खांद्याचं हाड आणि फेअरिंग दोन्ही टायरपेक्षा महाग आहेत.

मागच्या टायरचाही यात हात असतो, ते बरेच जण विसरतात. मागे नवाकोरा सॉफ्ट आणि पुढे दमलेला टायर असं जोडलं तर थ्रॉटल देताच मागचं चाक इतकं धरतं की गाडीला पुढे ढकलत नेतं. पुढचा टायर वळायचं म्हणतो, मागचा सरळ जायचं म्हणतो. रायडर पुढच्या सस्पेन्शनला दोष देत बसतो.

झाक्सेनरिंगचं अकरावं वळण

एकच टायर एका बाजूने तापलेला आणि दुसऱ्या बाजूने गार असू शकतो, हे जर्मनीच्या झाक्सेनरिंगइतकं दुसरीकडे कुठे उघडं पडत नाही. तेरा वळणांत दहा डावी, तीनच उजवी. लागोपाठ डावी वळणं घेताना टायरची डावी बाजू भट्टी झालेली असते आणि उजवी बाजू वाऱ्यावर गार होत असते. मग एकदम उतारावरचं वेगवान उजवं वळण येतं, अकरावं. जगातले उत्तमोत्तम रायडर इथे पुढचं चाक गमावून खडीत गेलेले आहेत. असल्या ट्रॅकसाठी कंपन्या दोन बाजूंना वेगळं कंपाउंड असलेले टायर बनवतात. कमी वापराच्या बाजूला मऊ रबर, जास्त वापराच्या बाजूला कडक.

ऑस्ट्रेलियाच्या फिलिप आयलंडला डांबर नवीन घातल्यावर २०१३ मध्ये याहून मोठा गोंधळ झाला. नव्या डांबरावर मागचे टायर इतके तापू लागले की मोटोजीपीची शर्यत २७ फेऱ्यांवरून १९ वर आणली आणि मध्येच गाडी बदलणं सक्तीचं केलं. एका टायरवर दहापेक्षा जास्त फेऱ्या नाहीत, असा नियम. मार्क मार्केझ एक फेरी उशिरा आत आला आणि बाद झाला. डांबर बदललं की कंपाउंडचा जुना अनुभव अर्धा निरुपयोगी होतो, ही गोष्ट त्या दिवशी सगळ्यांना कळली.

हवा : सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात दुर्लक्षित

कंपाउंड बरोबर निवडलं आणि हवा चुकली, तर निवड वाया. टायर तापला की आतली हवा फुगते. २७ अंशांना २६ पीएसआय भरलेला टायर आतून ७७ अंशांपर्यंत तापला तर दाब साधारण ३३ पीएसआय होतो. म्हणजे सात पीएसआयचा फरक. जास्त फुगलेला टायर गोल होतो, टेकलेला भाग लहान होतो, पकड घटते. फार कमी हवा असेल तर टायर चेपून डुलतो आणि रबर आतून जास्त तापतं.

म्हणून ट्रॅकवर गार हवा आणि गरम हवा असे दोन वेगळे आकडे वहीत लिहायचे असतात. रायडर पिटमध्ये आला की टायर गार व्हायच्या आत गेज लावायचा. उज्जैन-इंदूरकडे मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो आणि डांबर हवेपेक्षा कितीतरी जास्त तापतं. तिथे सकाळी भरलेली हवा दुपारच्या सत्राला चालत नाही.

मोटोजीपीत तर हवेवरून शर्यती फिरल्या आहेत. दुसऱ्या गाडीच्या मागे चिकटून पळालं की पुढच्या टायरला गार वारा मिळत नाही, इंजिनांची उष्णता लागते, दाब चढतो, फ्रंट सुटू लागतो. म्हणून टीम मुद्दाम कमी हवा भरायच्या. त्यावर तोडगा म्हणून किमान दाबाचा नियम आला. २०२३ मध्ये पुढच्या टायरला १.८८ बारची मर्यादा लागू झाली, २०२४ पासून ती १.८० बार, म्हणजे साधारण २६ पीएसआय. मुख्य शर्यतीत ६० टक्के फेऱ्या याच्या वर राहायला हवं, नाहीतर १६ सेकंदांचा दंड.

२ मार्च २०२५ ला थायलंडच्या बुरीरामला मार्क मार्केझ पहिल्या क्रमांकावर होता. पुढे कोणीच नाही, मोकळा वारा, त्यामुळे पुढच्या टायरचा दाब चढेना. सातव्या फेरीत त्याने वेग कमी करून भावाला, अॅलेक्सला, पुढे जाऊ दिलं. कित्येक फेऱ्या त्याच्या मागे राहून टायर तापवला, दाब नियमात आणला आणि शेवटी परत पुढे जाऊन शर्यत जिंकली. त्याच वर्षी कतारला मॅव्हेरिक विन्यालेस दुसरा आला, पण दाब कमी निघाला. १६ सेकंद धरल्यावर तो चौदावा झाला.

बुद्ध सर्किटवर काय दिसलं

भारतात या सगळ्याची मोठी परीक्षा एकदाच झाली, २२ ते २४ सप्टेंबर २०२३ ला, ग्रेटर नोएडाच्या बुद्ध सर्किटवर. एक किलोमीटरहून लांब सरळ रस्ता, त्याच्या शेवटी जबरदस्त ब्रेकिंग आणि वर सप्टेंबरची दमट उष्णता. उष्णतेमुळे मोटोजीपीची मुख्य शर्यत २४ फेऱ्यांवरून २१ वर आणावी लागली. मार्को बेझेक्कीने ती सहज जिंकली. त्या वेळचा विश्वविजेता फ्रान्चेस्को बान्याया दुसऱ्या क्रमांकावर पळत असताना पाचव्या वळणावर पुढचं चाक सुटून पडला. मार्केझही सुरुवातीच्या फेऱ्यांत पडला आणि उठून परत धावला. चेन्नईच्या के. वाय. अहमदला त्याच आठवड्यात मोटो-३ वर्गात वाइल्ड कार्डवर उतरायची संधी मिळाली होती.

पिथमपूर जवळ आहे, पण

उज्जैनहून ऐंशी-नव्वद किलोमीटरवर, धार जिल्ह्यात पिथमपूरला नॅट्रॅक्स आहे. २९ जून २०२१ ला तिथल्या ११.३ किलोमीटरच्या हाय-स्पीड ट्रॅकचं उद्घाटन झालं, तेव्हा आशियातला सर्वांत लांब म्हणून बातम्या आल्या आणि माळव्यातल्या हौशी पोरांना वाटलं, आता रेसिंग घराशी आलं. तसं नाही. हा वाहन कंपन्यांचा चाचणी ट्रॅक आहे. लंबगोल, वळणं तिरकी उचललेली. तिरक्या वळणावर ठरावीक वेगात टायरवर आडवा ताण जवळजवळ पडतच नाही, म्हणून तिथे कमाल वेग कळतो, पुढच्या टायरची पकड नाही. पकडीसाठी त्याच आवारात हँडलिंगचे वेगळे ट्रॅक आणि ब्रेक तपासायचे कमी-जास्त घसरणारे पृष्ठभाग आहेत. आपण रोज वापरतो त्या गाड्यांच्या चाचण्या अशाच जागी होतात.

टायरचा उद्योगही या पट्ट्यात नवा नाही. ब्रिजस्टोनचा भारतातला पहिला कारखाना पिथमपूरजवळ खेड्याला, १९९८ चा. हीच कंपनी २००९ ते २०१५ मोटोजीपीला एकटी टायर पुरवत होती, अर्थात ते टायर जपानचे. गोव्यात उसगावला एमआरएफ, नागपूरजवळ बुटीबोरीला सिएटचा दुचाकी टायरचा कारखाना. एमआरएफचं नाव राष्ट्रीय मोटारसायकल स्पर्धेशी वर्षानुवर्षं जोडलेलं आहे. एकाच कंपनीच्या टायरवर सगळे धावतात तेव्हा कंपाउंड निवडायचा प्रश्नच मिटतो. फरक पडतो तो हवा, सस्पेन्शन आणि पहिल्या दोन फेऱ्यांत टायर कोण शहाणपणाने तापवतो यावर. जिथे टायर वॉर्मर नाहीत, तिथे तर पहिल्या फेरीत निम्मी शर्यत असते.

सस्पेन्शनने कंपाउंड झाकता येतं का

थोडंफार. फोर्कचे पाय क्लॅम्पमधून चार-पाच मिलिमीटर वर सरकवले की गाडीचं नाक खाली येतं, पुढच्या टायरवर वजन वाढतं, गाडी चटकन वळते, पण ब्रेकिंगमध्ये जास्त चंचल होते. फोर्कचा रिबाउंड फार सैल असेल तर ब्रेक सोडताच पुढचा भाग उसळतो आणि वर सांगितलेला तो कपटी क्षण आणखी वाईट होतो. कडक कंपाउंडवर गेलात तर टायर स्वतः कमी दबतो, म्हणून फोर्क थोडा मऊ करावा लागतो. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, तीन फेऱ्या मारायच्या, वहीत लिहायचं. कंपाउंड, हवा आणि फोर्क तिन्ही एकदम बदलणाऱ्याला संध्याकाळपर्यंत काहीच कळलेलं नसतं, आणि पैसे तिन्हींचे गेलेले असतात.

स्लिक रस्त्यावर नको

ट्रॅकवरून काढलेले स्लिक रोजच्या गाडीला लावायची टूम अधूनमधून येते. शहरातल्या वेगात तो टायर कधीच तापत नाही, म्हणजे उज्जैनच्या फ्रीगंजच्या सिग्नलवर साध्या टायरपेक्षाही तो कमी धरतो. खाचा नसल्याने पावसात पाणी बाहेर फेकायला जागा नाही. कायद्यातही बसत नाही. केंद्रीय मोटार वाहन नियमांप्रमाणे दुचाकीच्या टायरला किमान ०.८ मिलिमीटर खाच लागते.

ट्रॅकसाठी जुने स्लिक स्वस्तात घेणाऱ्यांनी नुसतं रबर किती उरलंय ते पाहू नये. टायर प्रत्येक वेळी तापून थंड झाला की रबर थोडं कडक होतं. दहा-बारा सत्रं झालेला टायर दिसायला नव्यासारखा असतो आणि पकड गेलेली असते. त्यामुळे विकणाऱ्याला सत्रं किती झाली, वॉर्मरवर किती वेळ होता, हे विचारावं. टायरच्या बाजूला चार आकड्यांचा तारखेचा शिक्का असतो. ३२२४ लिहिलं असेल तर २०२४ सालचा बत्तिसावा आठवडा. नखाने रबर दाबून पाहायची सवय गॅरेजवाल्यांना असते, त्यापेक्षा ड्युरोमीटर हे छोटं यंत्र बरं, त्यावर रबराचा कडकपणा आकड्यात दिसतो. पैसे कमी असतील तर मागचा जुना चालवून घ्यावा, पुढचा नवा घ्यावा. दुकानात बहुतेक जण उलट करतात, कारण मागचा टायर झिजलेला डोळ्यांना दिसतो.